लॉर्नचा गुडघा

पेंटिक्टन, रविवार

प्रिय लॉर्न,

तुझा सुप्रसिद्ध गुडघा कसा आहे? प्रकृतीची चौकशी त्याच्यापासून सुरू करण्याची आपली जुनी प्रथा, ती मोडत नाही. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तू हल्ली लवकर दमतोस असं तुझी नादीन म्हणाली. कागदाचं बरं असतं, तो थांबतो. मध्येच ठेव, पडदे ओढून पड, मग पुन्हा उचल. मीही तसंच लिहितोय. सकाळपासून या मोटेलच्या खुर्चीत बूड टेकत नाही. उठतो, तळ्यापर्यंत जातो, परत येतो, तोवर कॉफी गार झालेली असते, ती गारच पितो. खुर्चीतच काहीतरी दोष असावा.

बाकी पेंटिक्टन तसंच आहे. पीच संपले, सफरचंदं आलीत, आणि दर सप्टेंबरप्रमाणे मोठ्या आइस हॉकी लीगच्या क्लबांनी आपापली नवखी पोरं इथे आणून बर्फावर सोडली आहेत. मोसमाआधीचं हे स्वयंवर. फक्त वरमाला आम्हा म्हाताऱ्या पारख्यांच्या हातात. सर्वांत वरच्या रांगेत कोट घालून बसायचं, सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि काहीही झालं तरी टाळी वाजवायची नाही. आमच्या क्लबाचा पहिला सामना काल झाला. पहिल्या फेरीत निवडलेला तो स्वीडिश मुलगा काय देखणा स्केटिंग करतो म्हणून सांगू. विशेषणांनी ओथंबलेलं वाक्य, फक्त क्रियापद नाही. चकती त्याच्याकडे येते, शोभून दिसते आणि निघून जाते. बचावफळीतला एक धिप्पाड गडी आख्खा सामना कर्मणि प्रयोगात खेळला. स्वतः काही करत नाही, त्याचं सगळं केलं जातं. अहवालात हे असंच लिहिलं असतं, पण क्लबाला आकडे हवे असतात.

आता तुझ्या चिरंजीवांविषयी. रीडबद्दल मत मी देणार नाही, हे क्लबाला आधीच कळवलं होतं. ज्याच्या बापाशेजारी बसून मी इतके हिवाळे ओले मोजे वाळवले, त्याच्या पोराला गुण मी देऊ नयेत. म्हणून तो बेल्झीलच्या वाट्याला गेला. बेल्झील माझ्याच क्लबाचा दुसरा पारखी, क्युबेकचा. त्याला आईच्या हातचं सूपसुद्धा 'बरं' वाटतं. रीडला जर्सी मिळाली अठ्ठ्याहत्तर नंबरची. छोटे आकडे राहणाऱ्यांना, मोठे आकडे पाहुण्यांना, हे तुला सांगायला नको. निवड न होता नुसती बोलावून घेतलेली जी पोरं आहेत, त्यांच्यासाठी क्लबाकडे एकच करार उरलेला, आणि रीडचं ज्युनियरचं वय यंदा संपतंय. आता नाही तर बहुधा कधीच नाही, हे तो जाणून होता.

आणि लॉर्न, पोरगा खेळला. चकतीमागे कोपऱ्यात शिरण्याआधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो, ते तू शिकवलंस की रक्तातूनच आलं? गोलसमोर उभा राहतो, मार खातो आणि हलत नाही. पहिल्या सत्रात एकदाच तो मागे बघायचा राहिला. समोरच्या संघातल्या एका दांडगटाने त्याला बर्फाभोवतीच्या काचेवर असा आपटला की आमच्या रांगेपर्यंत काच वाजली. शिट्टी व्हायच्या आत रीड उठला, आणि पुढच्याच खेपेला दोघांच्या मधून चकती सरकवून त्याने गोल करवून दिला. बेल्झीलचं चघळणं थांबलं. म्हणाला, "हा अठ्ठ्याहत्तरवाला कुणाचा रे?" मी म्हटलं, "रोस्थर्न गावचा. बापाचा गुडघा गेला नसता तर त्याला तू ओळखलं असतंस." बघ, सवयीने मीही तेच म्हणालो.

मध्ये उठलो होतो. तळ्यावर वारा सुटलाय आणि एक कुत्रा एकाच बदकामागे अथक धावतोय. त्यातून काही निष्पन्न होणार नाही हे बदकाला कळलंय. तुमची म्हातारी कुत्री गेल्याचं नादीनने कळवलं होतं. वाईट वाटलं. तू तिला अजून हाका मारतोस, असंही लिहिलं होतं. असो.

दुसरं सत्र. गडी बदलायची वेळ झाली, आपली पोरं बाकाकडे वळली, आणि रीड सरळ बर्फ ओलांडून समोरच्या संघाच्या बाकाकडे गेला. दारापाशी उभा राहिला. आत घ्या म्हणून वाट बघत. त्यांच्यातल्या एका वात्रटाने दार उघडून, कमरेत वाकून त्याला मुजरा केला. सगळी रिंक हसली. बेल्झील म्हणाला, "तिकडे जेवण चांगलं असेल." कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, बाक लांब पडतो, नवखी पोरं गोंधळतात. खरं आहे, गोंधळतात. रीडही हसला, ग्लोव्ह्ज हलवले आणि परत आला.

मी हसलो नाही. आपण याला सासुरवाडीला जाणं म्हणायचो, आठवतं? आठवत नसेल तर मी सांगतो. पहिल्या वेळी तू समोरच्या बाकावर जाऊन चक्क बसलास आणि पाण्याची बाटली मागितलीस, आणि त्यांनी दिली. आम्ही आठवडाभर तुला छळलं. जावईबापू, आहेर काय मिळाला? मानपान झाला ना नीट? तूही छान हसायचास. दुसऱ्या वेळीही हसलो. पण त्या शेवटच्या हिवाळ्यात तू इतक्यांदा सासुरवाडीला गेलास की बदलीच्या वेळी मी तुझ्या मागेच राहायचो आणि बाही धरून तुला आपल्या दाराकडे वळवायचो. कोच विचारायचा, "तुमचं लग्न लागलंय का रे?" मी म्हणायचो, "त्याचा गुडघा दुखतोय."

सामना चालू असताना पारखी खाली जात नसतात. मी उठलो तेव्हा बेल्झील म्हणाला, "काय रे, या वयात धरवत नाही का?" मी जिना उतरून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सत्र संपल्यावर रीडला बाजूला घेतलं. कुठली रिंक, कितवं सत्र, शेवटचा गोल कुणाचा? त्याने धडाधड उत्तरं दिली. ही प्रश्नावली आता पोरांना पाढ्यांसारखी पाठ असते. आत येता येता गुणफलकावर नजर टाकून येतात. बाई म्हणाल्या, "ठीक वाटतोय, मिस्टर हालिक." मी म्हटलं, एक प्रश्न माझा. रीड, ते दार उघडून तुला मुजरा करणारा पोरगा कोण होता रे? तो हसला. चेष्टा आपल्यावर आहे एवढं कळतं, पण काय ते कळत नाही, तेव्हा माणूस हसतो तसा. आधी माझ्याकडे बघून, मग बाईंकडे बघून.

"कोणतं दार, काका?"

बाईंनी त्याला स्केट उतरवायला सांगितले.

पुढचं तुला रीडकडून कळेलच, आणि माझ्याबद्दल फारसं चांगलं कळणार नाही. सामना संपल्यावर बोळात त्याने मला गाठलं. आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं. "काका, तुम्ही आमच्या बाजूचे ना? डॉक्टरांना काही दिसलं नव्हतं. बेल्झील आत्ताच म्हणाला, उद्या असाच खेळला असतास तर करार तुझाच होता. आता मी उद्या कोट घालून तुमच्याशेजारी बिया खात बसू?" मी म्हटलं, हो, बस. तर म्हणाला, "बाबा फाटलेला गुडघा घेऊन अख्खा मोसम खेळले. माझं नुसतं डोकं दुखतंय. आमच्या घरात दुखतं म्हणून कुणी बसत नाही." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचा हक्क माझा नव्हता. आज दुपारी त्याच्या जागी थंडर बे गावचा एक मुलगा खेळला. बरा आहे. करार बहुधा त्याला मिळेल.

गेलं ते गेलं. माझं बूड टेकत नाही ते त्यामुळे नव्हे. रीड मंगळवारी घरी येतोय. शनिवारी तो ओक्लाहोमाला एका खालच्या लीगच्या शिबिराला निघणार, आणि तिथे या डोक्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. मला बजावलंय, तोंड उघडलंत तर आपलं नातं संपलं. बेल्झील उद्या गाडीने सास्काटूनला जातोय, रीड त्याच्याच शेजारी बसून येईल. हे पत्र बेल्झीलच्या कोटाच्या आतल्या खिशात असेल आणि तो ते तुझ्याच हातात देईल. म्हणजे माझ्या चुगलीच्या वीतभर अंतरावर बसून तो अख्खी प्रेअरीची सपाटी ओलांडणार आहे.

लॉर्न, तुझ्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं. त्या वसंतात तू आणि नादीनने गुडघा सांगायचं ठरवलंत, आणि आम्ही सगळ्यांनी तो सांगितला, कारण गुडघ्याला लोक मान देतात आणि डोकं म्हटलं की आवाज खाली आणतात. तेव्हा रीड जन्मायचा होता. त्याला तो गुडघा वारशाने मिळाला आणि आता तो त्याच्यावर उभा राहून ओक्लाहोमाला निघालाय. तर एवढं कर. सकाळी कर, सकाळी तू बरा असतोस. त्याला समोर बसव, पँट वर ओढ, दोन्ही गुडघे दाखव आणि म्हण, व्रण शोध. इतकी वर्षं एका घरात राहून त्याने कधी नीट पाहिलं नाही, याला श्रद्धा म्हणतात. मग सासुरवाडीची गोष्ट सांग. हसत सांग, ती तुला हसत सांगता येते. अडलास तर वर मी लिहिलंय ते वाच, किंवा नादीनला सांगू दे. आणि जिथे तुला काहीच आठवणार नाही, तिथे घाई करू नकोस, तसाच थांब. ती जागा त्याला दिसायला हवी. मी त्याची बाही धरून पाहिली, ती माझ्या हातून सुटली. आता तू धर.

दारापर्यंत मागे येणारा, तुझाच,
ओरेस्ट