सख्खं नातं असेल तरच रजा

१ डिसेंबर २०२५, सोमवार
वडवणीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एचआर मॅनेजर म्हणून पहिला दिवस. प्रोबेशन तीन महिने. पर्मनंट होणारच, आणि तेही कामाच्या जोरावर. सासुरवाडीचं गाव आहे म्हणून कोणी वशिला म्हणायला नको. पुण्यात आठ वर्षं पॉलिसी राबवल्यात. कंपनी कोणतीही असो, माणसं सारखीच.

४ डिसेंबर
हजेरीचं मशीन बसवलं. पहिला अंगठा मालक सुंदररावांचा. भला माणूस. नवा नियम: मयतीची रजा फक्त सख्ख्या नात्याला. सत्यशीला म्हणाली, अहो, जिनिंगवर समदी आमचीच भावकी हाय, सख्खं-चुलत कसं निवडताल? बायकोला सिस्टिम काय कळणार!

९ डिसेंबर
सुंदररावांच्या चुलती छबुबाई वारल्या. पिकलं पान. नियमाने रजा त्यांच्या दोन मुलांनाच. फिटर जाकीर तर भावकीबाहेरचा, तो नक्की येणार.

दुपारी १२. कोणीच नाही. कापसाच्या गाड्या गेटवर, ड्रायव्हर माझ्या नावाने बोंबलतायत. जाकीरला फोन लावला. म्हणे, लहानपणी त्यांच्या हातचं लई खाल्लंय साहेब, खांदा द्यायला कावून न्हाई जायचं? नियम सांगितला. त्याने फोन ठेवला.

डबाही नाही. सत्यशीला तिकडेच.

११ डिसेंबर
राख सावडायला पुन्हा सगळे पसार. आता बास! गैरहजर तेवढ्यांना कारणे दाखवा नोटीस. मशीनच्या यादीवरून काढल्या, गेटवर डकवल्या.

संध्याकाळी कळलं, पहिलीच सुंदररावांची.

१२ डिसेंबर
नियम सर्वांना समान. मागे हटायचं नाही.

१८ डिसेंबर
छबुबाईंचा दहावा. सुंदररावांनी घरी बोलावलं. डोकं भादरलेलं. चिडले असते तर बरं झालं असतं. माणूस गेल्यावर माणसं यायला नकोत का, एवढंच विचारलं. लाज वाटली.

मग म्हणाले, ते प्रोबेशन-बिबेशन राहू द्या, आजपासून तुमी पक्के. शेवटी गुणांची कदर झाली! कोणतं काम पसंत पडलं, विचारलं. म्हणाले, काम कसलं? गावच्या लेकीचा नवरा घरी बसवला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील.

२१ डिसेंबर
स्वाभिमान आहे की नाही? राजीनामा लिहिला. सत्यशीलाला दाखवला. द्या की, म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

२२ डिसेंबर, सोमवार
राजीनामा दिला. सुंदररावांनी शेवटपर्यंत वाचला. मग हसून जाकीरला हाक मारली, जावई रुसलेत, म्हणाले, पळ, टॉवेल-टोपी आण.

सगळ्यांसमोर टोपी घातली. बसली बरोबर.