खोलीचा सा

२५ ऑगस्ट, प्लेनो

देवाच्या कृपेने उद्यापासून पुन्हा विद्यार्थी. बायकोची, अहिल्याची, नोकरी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून इकडे टेक्सासला आली. माझी सॉफ्टवेअरची सुटली ती सुटलीच. एकोणपन्नासाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत संगीतरचना शिकायला निघालो आहे. आता बाबांचा डबा मी भरणार, असं इला इंग्रजीत म्हणाली. लेक अकरा वर्षांची आहे. मराठी बोलायला लाजते, गायला लाजत नाही. संध्याकाळी दिवा लावला की मी सा लावतो आणि ती माझ्या सुरात सूर मिळवते. दिवसातली माझी सर्वांत आवडती वेळ.

३ सप्टेंबर

ट्रेनने जातो. सरावाच्या खोल्या तळघरात आहेत, मला शेवटची मिळाली. तिथे कुणी बसत नाही, कारण एसीच्या झडपेतून सतत घुमल्यासारखा आवाज येतो. वर्गातला देवांग इथेच जन्मलेला, मला काका म्हणतो आणि माझी बॅग त्याच्या बॅगेपेक्षा नवी आहे म्हणून चिडवतो. त्याने बजावलं, 'काका, तिथे प्रॅक्टिस नका करू यार, सगळं फ्लॅट होतं, सूर उतरतो.' मला मात्र तो आवाज तंबोऱ्यासारखा वाटला. त्यातूनच सा घेतला. आमच्या गावचे भजनीबुवा सांगत, ज्याचा सा घ्यायचा त्याची साथ करायची, मध्येच उठायचं नाही.

१९ सप्टेंबर

रचना शिकवणाऱ्या बाईंना माझी रचना आवडली. पण लिहिलंय त्याहून मी खाली गातो, म्हणाल्या. इथे सूर आधीच ठरलेला असतो, आपल्यासारखा सोयीने धरत नाहीत. घरी पेटीवर ताडून पाहिलं. खरंच अर्ध्या सुराने उतरलो आहे. खोलीचा सा उतरत असणार, आणि त्याच्यामागे मी.

७ ऑक्टोबर

आज एसी दुरुस्तीसाठी बंद होता. देवांग दारापर्यंत आला आणि थांबला. मशीन बंद आहे तर आवाज कसला, असं त्याने हळूच विचारलं. मी झडपेवर हात धरला. वारा नव्हता. सा होता. गळ्यातून निघालेला, माणसाचा. पण त्यात श्वास घ्यायची जागाच नव्हती.

१५ ऑक्टोबर

खोली सोडली. उपयोग नाही. घरचा फ्रिज त्याच सुरात आहे. सकाळी जपाला बसलो, नामाचं पहिलं अक्षर त्या सुरावर आलं आणि तिथेच राहिलं. अहिल्याने गदागदा हलवलं तेव्हा श्वास घेतला. ओठ निळे पडले होते, म्हणाली. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

२० ऑक्टोबर

दिव्यापुढे मी सवयीने सा लावला. इलाने तो घेतला. माझा कुठला — खोलीचा.

मी थांबलो. ती थांबेना. डोळे उघडे. श्वास नाही. अहिल्याने पाणी मारलं, हाका मारल्या. घाबरून मीही तोच सूर लावला. तेव्हा इला खोकली, श्वास घेतला, रडली. मी दम घ्यायला थांबलो — तिचा पुन्हा सुरू.

त्या सुराला साथीला कुणीतरी लागतं. मी धरला की ती सुटते. माझ्या एका श्वासापुरती.

तोंडात सूर आहे, म्हणून अहिल्याला इथेच लिहून दाखवतो आहे. इलाला गाडीत घाल. माझा आवाज पोचणार नाही इतकी लांब ने. ऐकू आला नाही तर तिला घेता येणार नाही.

अहिल्याने वाचलं. मान हलवली, नाही म्हणाली. मी दाराकडे बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं.

मोठा श्वास भरून घेतला आहे. आता मध्ये घ्यायचा नाही.

गाडी निघाली. खिडकीतून दिसते.

मागच्या काचेत इला. हात हलवते आहे. 

छाती —

कोपऱ्यावर थांबली. सिग्नल लाल. अजून ऐकू जात असेल —

देवा, हिरवा कर. हिरवा —