बारा इंचांचा पत्रा

ता. ४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्यामुळे मला शून्य मिळालं. प्रश्न असा: बारा इंचांच्या चौरस पत्र्याचे चारही कोपरे सारखे कापून बिनझाकणाचा डबा केला, तर तो सर्वांत मोठा होण्यासाठी किती कापावं? पुस्तकी उत्तर दोन इंच. मी मात्र कड मुडपायला चहूबाजूंनी अर्धा इंच सोडून, उरलेल्या अकराला सहाने भागून मोकळी झाले! दर सुट्टीत तुझ्या पत्र्याच्या डब्यांच्या दुकानात बसून आणखी काय होणार?

तेवढ्या गुणांनी नापास झाले. बाई म्हणाल्या की अठरा तारखेच्या फेरपरीक्षेत पास झाले नाही, तर वरच्या गणिताचा वर्ग सोडून साधं गणित घ्यायचं. तसं झालं तर इंजिनिअरिंग विसरा. आई काळजीने अर्धी झाली आहे. मी नाही. मला हे गणित येतं आणि मी ते सोडणार नाही. कड विसरायची कशी, तेवढं सांग.

तुझी (अजूनही लाडकी ना?)
टकळी

ता. ९ ऑगस्ट

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

शून्य वाचून आधी पोट धरून हसलो, मग वाईट वाटलं. अगं, पेपरातल्या पत्र्याने कुणाचा हात कापत नाही. गिऱ्हाईक जे मागेल ते आधी द्यावं, आपलं शहाणपण मागाहून. बाई तुझं गिऱ्हाईक.

पण दोन इंच काही पटेना. तुझ्या आजोबांनी मला तीन शिकवले, मीही तीस वर्षं तीनच कापतोय. दोनचा डबा म्हणजे परातच की! शेवटी दोन्ही डबे करून, सांधे डाख लावून बुजवले आणि पाण्याने भरले. कड मुद्दाम मुडपली नाही, त्यामुळे अंगठा कापला. हे आईला कळवू नकोस. माझ्या डब्यात नऊ मापं पाणी मावलं. तुझ्या परातीत दहा, वर अर्ध्याहून जास्त. पुन्हा मापून पाहिलं, तरी तेच.

हे गणित शाळेत येण्याआधीच मी शाळा सोडली. दोनच का, हे या वयात माझ्या डोक्यात शिरेल का गं?

सगळ्यांना माझी आठवण सांग, तुझ्यावर माया आहेच.
मामा

ता. २३ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पास! तसलाच प्रश्न आला, पत्रा अठरा इंचांचा. गिऱ्हाइकाला आधी तीन दिले. मग रेघ मारून खाली लिहिलं, कड मुडपायची असेल तर सतराला सहाने भागा. बाईंनी पूर्ण गुण दिले आणि रेघेखाली विचारलं, हे कुणी शिकवलं? मी तुझ्या पाण्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, जो मापून बघतो त्याचं निम्मं गणित झालेलंच असतं. मी वर्गात राहिले, मामा! वही घेऊन सुट्टीत येते. तू पहिल्या बाकावर बसायचं, आणि चुळबुळ नाही.

तुझी मास्तरीण,
टकळी

ता. २७ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं, दोनदा. डोळे भरून आले, लपवत नाही. अंगठा बरा आहे.

बारा इंचांचे चौदा पत्रे आलेत. एकालाही कात्री लावलेली नाही. खुणा तू करायच्यास. इथे कड मुडपायची आहे, तेव्हा ज्या उत्तराला शून्य मिळालं, तेच घेऊन ये.

वाट पाहणारा,
मामा