अकरा कट्टे, निळा दोरा

मुरुड, सोमवार

प्रिय लुंबिनी,

आज मिल बंद. अप्पा देवळात गेलेत आणि मी गोदामात तुझ्याच खुर्चीत बसून लिहितेय. तू फोन उचलत नाहीस त्याची तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर नंबरच बदलला असता. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. श्रावणात परत आलेल्या डाळीच्या गाडीचा दोष डोक्यावर घेऊन तू आमच्या डाळमिलमधून गेलीस, त्याला चार महिने झाले. त्या गाडीबद्दलच लिहायचंय. कागदावर लिहिलं म्हणजे उद्या मला 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणता येणार नाही.

आधी इकडची खबर. विरूपाक्ष मुकादम अजून तुझ्याच रीतीनं थप्प्या लावतो. दर महिन्याच्या डाळीला वेगळ्या रंगाचा दोरा, डाळ भरलेल्या कट्ट्याचं तोंड त्याच दोऱ्यानं शिवायचं, आणि जुना रंग संपेपर्यंत नव्याला हात लावायचा नाही. तू येण्याआधी आमच्याकडे सगळं उलटं होतं. गोदामाला दार एकच, त्यामुळे काल आलेला माल दाराशी आणि तोच आधी गाडीत. मागचा सहा-सहा महिने भिंतीला टेकून. लातूरच्या कॉलेजात सप्लाय चेनचे बाण वहीत काढून आपण दोघीही पास झालो, पण तू ते खडूनं गोदामाच्या भिंतीवर काढलेस. कंधारहून तूर यायला किती दिवस, भरडायला किती, रिकामी पोती संपायच्या किती आधी मागवायची, पावसात रस्ता बंद पडला तर हाताशी किती कट्टे हवेत. अप्पा बघून म्हणाले होते, "ही काय रांगोळी काढायलीस, पोरी?" मग त्याच पावसाळ्यात आठ दिवस रस्ता बंद होता, आजूबाजूच्या मिलवाल्यांची तोंडं उतरली आणि आपली एक ऑर्डर चुकली नाही. तेव्हापासून ते ती भिंत रंगवू देत नाहीत. तू गेल्यावरही दिवाळीत चुना मारायला आलेल्या माणसाला त्यांनी तिथून हाकललं.

उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत मात्र तुझा बाण पोचला नाही. आमच्या घरची रीत तुला तोंडपाठ आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही कळावं. संक्रांतीला पहिल्या भरडाईचे अकरा कट्टे महादेवाच्या नावानं त्या कोपऱ्यात रचायचे, पांढऱ्या दोऱ्यानं शिवायचे, वर भस्म लावायचं आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत हलवायचे नाहीत. आजोबांच्या काळी दुष्काळात त्या थप्पीवर घर तगलं म्हणतात, त्यातूनच ही रीत पडली असावी. तू पहिल्याच वर्षी म्हणालीस, "माल थांबला की किडतो गं. देवाच्या नावानं थांबला म्हून सुटत न्हाई." मी हसले. तू तेच अप्पांच्या तोंडावर सांगितलंस आणि त्यांनी दोन दिवस तुझ्याशी बोलणं टाकलं. मी घरची लेक, मला पटलेलंही होतं, आणि मी गप्प बसले.

आता त्या बुधवारचं सांगते. हैदराबादच्या व्यापाऱ्याची दोनशे कट्ट्यांची ऑर्डर होती. तू तूर बघायला कंधारकडे गेली होतीस. मिलचं यंत्र दुपारी अडलं आणि अकरा कट्टे कमी पडले. तू फोनवर म्हणालीस, "एकशे एकोणनव्वद पाठव आन बाकीचे परवा येतेत म्हून कळव." साधी गोष्ट होती. मला तीच कमीपणाची वाटली. अप्पा जेवायला गेले होते, हमाल चहाला. मी कोपऱ्यातल्या अकरा कट्ट्यांचे पांढरे दोरे कात्रीनं कापले, ओल्या फडक्यानं भस्म पुसलं आणि तोंडं निळ्या दोऱ्यानं शिवली. निळा म्हणजे त्या महिन्याचा, तू स्वतः तपासून पास केलेला. प्रत्येकातली मूठभर डाळ वरवर बघितली, बरी दिसली. विरूपाक्ष परत आला तेव्हा थबकला. "ताई, ही थप्पी..." म्हणाला. अप्पांना विचारलंय, असं मी त्याला सांगितलं, आणि तुला फोनवर सांगितलं की मागे अकरा निळे कट्टे निघाले. अप्पा त्या कोपऱ्यात सोमवारीच जातात, त्याआधी मी नवीन अकरा कट्टे पांढऱ्या दोऱ्यानं शिवून तिथं रचून घेतले. तेव्हापासून अप्पा त्या श्रावणातल्या कट्ट्यांनाच हात जोडत होते. महादेवाची काही तक्रार आली नाही.

व्यापाऱ्याची आली. नवव्या दिवशी गाडी परत, कट्ट्यांत भुंगे, शेजारच्या चांगल्या कट्ट्यांतही शिरलेले. त्यानं पाठवलेल्या फोटोत निळा दोरा स्वच्छ दिसत होता. तू म्हणालीस, "निळ्यात किडा न्हाई. मी एकेक कट्टा बघितलाय." अप्पा म्हणाले, "बाहेरच्या हाताला काय कदर असणार?" तो 'बाहेरचा' शब्द घराबाहेरचा नव्हता, जातीबाहेरचा होता, ते तुला कळलं आणि मलाही कळलं. या मिलमध्ये तुझ्याइतकं आतलं कुणी नव्हतं, लुंबिनी. तू माझ्याकडे बघितलंस. मी फरशीकडे बघत राहिले. विरूपाक्षही बोलला नाही, पण त्याचं पोट आमच्यावर आहे. माझं तसं काय होतं? तू तपासणीची वही टेबलावर ठेवलीस आणि कंधारच्या एसटीनं घरी निघून गेलीस. तुझ्या आईनं, नागुबाईंनी, तुला काय विचारलं असेल आणि तू त्यांना काय सांगितलं असशील, ते मी रोज मनात घोळवते. मला लाज वाटते. त्याहून जास्त माझा राग येतो, आणि आता तो राग नुसता जवळ ठेवून भागणार नाही.

गेल्या मंगळवारी मी अप्पांना सगळं सांगितलं. कात्रीसकट. ते जेवले नाहीत, आणि दोन दिवस माझ्या हातचा चहाही घेतला नाही. शुक्रवारी सकाळी गोदामात आले, कोपऱ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "देवाचं हाय ते माणसाच्या पोटात जाऊ दे." या संक्रांतीपासून पहिले अकरा कट्टे त्याच दिवशी मठाच्या दासोहाला जातील, तिथल्या पंगतीला. कोपरा रिकामा राहील. तिथपर्यंत तुझा बाण मी स्वतः खडूनं ओढलाय, जरा वाकडा आलाय.

मंगळवारीच का सांगितलं, तेही सांगते. त्या दिवशी नांदेडच्या एका गोदाम कंपनीचं पत्र अप्पांच्या नावानं आलं. तुला त्यांच्या गोदामाची प्रमुख नेमायचा विचार आहे, येत्या शुक्रवारी शेवटची मुलाखत आहे, आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली होती: मालाच्या नुकसानीवरून या बाईंना तुमच्याकडून जावं लागलं, हे खरं का? 'काम चांगलं होतं' असं दोन ओळींत लिहून मला सुटता आलं असतं. मी ते केलं नाही. वर तुला लिहिलं तेच, कात्री, दोरा, भस्म, माझं नाव, सगळं त्यांना लिहून कळवलं. अप्पांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'चूक आमच्या घरची. लुंबिनीबाईंची नाही. शिवमूर्ती.' शनिवारी ते कुरियरनं गेलं. त्याची प्रत या पाकिटात आहे, आणि मी कापलेले अकरा पांढरे दोरेही, जे इतके दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होते. मला माफ कर किंवा करू नकोस, परत ये असंही मी म्हणणार नाही. शुक्रवारी मात्र नांदेडला जा. ते त्या गाडीबद्दल विचारतील, तेव्हा तू त्या दिवशी म्हणालीस तेच मान वर करून पुन्हा म्हण, निळ्यात किडा नव्हता. या वेळी मी खाली बघणार नाही.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
सुकन्या