पुराव्याअभावी

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धाकटा सुटला! पुराव्याअभावी निर्दोष, असं न्यायाधीशांनी वाचलं आणि मला भर कोर्टात रडू कोसळलं. आता तो माझ्याकडेच राहतोय. शिलाई मशीन खिडकीशी सरकवून त्याच्यासाठी पलंग टाकलाय. बायकोला त्यानंच जिन्यावरून ढकलून मारलं, अशी साक्ष तू सख्ख्या भावाविरुद्ध दिलीस. जन्म पोलिसात गेला तुझा, तुला स्वतःच्या सावलीचाही संशय येतो. तरी ये. फक्त चष्मा विसरून ये, म्हणजे माझ्या घरात पुरावे दिसणार नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बेबी

१९ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

चष्म्याचं वाचून हसलो, मग चष्मा पुसून लिहायला बसलो. त्याच्या बायकोच्या मनगटावर बोटांचे वळ होते. मी पाहिले, डॉक्टरांनी पाहिले. पण कुणाचे, ते वळ सांगत नाहीत, आणि जिन्यात तिसरं कुणी नव्हतं. नुसत्या संशयावर कुणाला शिक्षा होऊ नये, हे मीच खात्यातल्या नव्या पोरांना शिकवत आलो. कोर्टाचं चुकलं नाही. पण त्यानं केलंच नाही, एवढं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. त्याला खांद्यावर घेऊन मीच फिरलोय गं.

स्वतःला जप. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न.

काल जेवताना मी त्याला म्हटलं, दादावरचा राग सोड. तर म्हणाला, दादाचं काही चुकलं नव्हतं. भांडणात हात पिरगाळला, ढकललं. ती खालून हाका मारत होती, तेव्हा दार लावून आत बसला, ती गप्प होईपर्यंत. एवढं सांगून म्हणाला, भाजी वाढ. मी वाढली, दादा.

सकाळी वकिलांना गाठलं. म्हणाले, सुटलेल्या माणसाला पुन्हा उभं करायला पुरावा लागतो. उद्या तो नाही म्हणाला की तुमचा शब्द हवेत.

तिथून तिच्या आईकडे गेले. त्यानंच ढकललं, ते सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, पोरीनं हाका मारल्या का हो? मी म्हटलं, नाही, लगेच गेली ती.

आता तो पलीकडे बसून शीळ घालतोय. तू ये. त्याला घरातून जा म्हणायचंय, आणि तोंड उघडलं की अजूनही ‘बाळा’च येतं.

बेबी