चेंडू गुंडाळलेला कागद

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार, या खेपेस नेहमीपेक्षा अधिक वाकून; कारण पुढे कळेल. तुमची कंबर आणि लाकूड कातायच्या लेथची मोटर दोन्ही सुरळीत चालत असतील, अशी आशा आहे. माझे ठीक. (म्हणजे जेवते, झोपते, आणि कोणी विचारल्यास ‘ठीक’ असे सांगते.)

आठ महिन्यांपूर्वी मी तुमच्याकडे माझ्या गणिताच्या प्रबंधातील पृष्ठाचा (कागदाचे पान नव्हे, वस्तूची बाहेरची वळणदार बाजू) लाकडी नमुना मागितला होता. पृष्ठाला प्रत्येक बिंदूपाशी दोन मुख्य वक्रता असतात: एका दिशेने ते सर्वांत जास्त वळते, तिच्या काटकोनात सर्वांत कमी. माझी पृष्ठे सगळीकडून बंद, सगळीकडून फुगीर, आणि अट अशी की, एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाताना एक वक्रता वाढली की दुसरी घटलीच पाहिजे. (मामीचा आवाज चढला की तुमचा उतरतो, तसे.) अशा पृष्ठांविषयी मी तीन वर्षांत अकरा प्रमेये सिद्ध केली. ही अट मी तुम्हांला दोन पानांत, चार आकृत्यांसह कळवली. आणि तुम्ही मला एक गुळगुळीत चेंडू पाठवलात.

त्यावर ‘आपल्या यंत्रात दोष असावा’ असे लिहून मी तो परत केला. ते वाक्य मला हल्ली दात घासतानाही आठवते. तुमचे उत्तर एका ओळीचे होते: “मापं तुझी, चेंडूही तुझाच.” मला ते झोंबले. मी शाळेपासून पहिला क्रमांक सोडला नव्हता, आणि सातवीत शाळा सोडलेले मामा मला माझेच पृष्ठ शिकवत होते. (त्या वेळी असे वाटले.)

मागच्या सोमवारी विभागात माझे व्याख्यान झाले. सात श्रोते, पैकी दोघे पंख्याखाली बसायला आलेले. मार्गदर्शक बाई मागून म्हणाल्या, “अगं, एखादं काढून तरी दाखव.” मी फळ्यावर चेंडू काढला. (त्यावर वक्रता कुठे वाढतही नाही आणि घटतही नाही, म्हणून अट मोडत नाही.) “हा झाला चेंडू. दुसरं?” मी तो वरून जरासा दाबला, अट मोडली. लांबट केला; मोडली. वीस मिनिटे खडू झिजवून मी दुसरे उदाहरण काढले. तोही चेंडूच होता, आकाराने लहान. बाईंनी चष्मा पुसला. “म्हणजे तीन वर्षं आपण चेंडूबद्दलच बोलतोय का गं?” त्या ‘आपण’मुळे मला रडू आवरेना.

अकराही प्रमेये बिनचूक आहेत, मामा. पाचवे बावीस पानांचे असून, चेंडू सर्व बाजूंनी सारखाच असतो, असे त्याचे तात्पर्य निघते.

आता एकच वाट उरली आहे: चेंडूखेरीज असे पृष्ठ असूच शकत नाही, हे सिद्ध करणे. त्यासाठी बाईंनी दिलेली मुदत वीस दिवसांची होती, आठ गेले. हे खरे आहे, एवढे दिसते. का खरे आहे, ते सापडत नाही. आणि ते न सापडल्यास मला रिकाम्या हाती घरी यावे लागेल.

आईला कळवू नका. तिने शेजारी मला आधीच डॉक्टर करून टाकले आहे.

तुमची,
भाची

ता. क. चेंडू अजून असल्यास पाठवावा. मुलांना खेळायला दिला असल्यास काढून घेऊ नये.

आणखी एक. चेंडू गुंडाळलेल्या कागदावर आतून तुम्ही पेन्सिलीने काही लिहिले होते. ‘चेंडूच का होतो ते सांगतो. जिथं एकीकडून सगळ्यात जास्त वळतं, तिथं’ एवढे मी वाचले. तेवढ्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका दिसल्या आणि मी कागद टाकून दिला. मामा, तिथे काय होते? येईल तसे लिहा.