बाराव्या फाटकाची वाट

प्राग, शुक्रवार

लाडक्या आईस,

मी सुखरूप आहे. तू दिलेली अक्रोडाची पोटित्सा पहिल्याच दिवशी फस्त झाली. बाबांचा गुडघा कसा आहे?

संघाच्या निवड चाचणीत बाबा पंच होते आणि त्यांनी मलाच दोन सेकंदांचा दंड दिला, याचा राग मी धरलेला नाही. वल्हं फाटकाच्या पाण्यावर लोंबणाऱ्या दांडीला लागलं असं त्यांना दिसलं, तर लागलं असेल. माझी जागा उर्श्काला मिळाली. मी इथे शर्यतीआधी पाणी तपासायला माझी छोटी होडी, कयाक, घेऊन उतरते. माझी वेळ कुणी मोजत नाही.

आज सरावात मी एकाही दांडीला न लागता खाली आले. प्रशिक्षक स्ताने म्हणाले, "पोरी, बाराव्या फाटकाला कशी वळलीस ते उर्श्काला सांग. तिथे तिचं पाणी पाणी होतं."

उर्श्का हसली. "सांग गं, पाणी चाखणारणी! खडकाच्या डावीकडून की उजवीकडून?"

"डावीकडून. बिनधास्त जा."

मी उजवीकडून गेले होते, आई.

तिच्या फेरीत ती डावीकडून गेली, उलटली आणि खडकावर आपटली. खांदा निखळला. यंदाचा मोसम गेला, असं डॉक्टर म्हणतात. रुग्णवाहिका येईपर्यंत ती माझाच हात धरून रडत होती.

उद्या तिच्या जागी मी आहे. तिच्या आईकडे एक चक्कर मार, एकटीच असेल.

बाबा विचारतील, नेझाने तिला वाट बरोबर सांगितली होती ना? तू हो म्हण.

तुझी,
नेझा